पदव्युत्तर शिक्षण व संशोधन, पूर्व विदर्भातील

पदवी परीक्षेनंतर विद्यापीठात दिले जाणारे एम्.ए., एम्.एस्‌सी., एम्.कॉम्. इ. पदव्यांचे शिक्षण आणि पीएच्.डी.सारख्या पदवीसाठी केले जाणारे संशोधन यांचा अंतर्भाव पदव्युत्तर शिक्षणात होतो. पूर्व विदर्भात, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली ह्या जिल्ह्यांत, या शिक्षणाचे प्रमुख केंद्र सु. नव्वद वर्षे नागपूर हे एकच शहर होते. चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांसाठी स्वतंत्र विद्यापीठ २०११ मध्ये स्थापन झाले. नगरात वाढलेली विद्यापीठाची चौकट वनप्रदेशात कशी पोहोचली, तिच्या प्रवेशाच्या, मार्गदर्शनाच्या व अर्थसाहाय्याच्या नियमांचा तेथील विद्यार्थ्यावर काय परिणाम झाला आणि एटापल्ली तालुक्यातील सूरजागडसारखे स्थान अभ्यासाचा केवळ विषय राहिले की अभ्यासकांची जन्मभूमीही झाले, हे ह्या इतिहासातील मुख्य प्रश्न होत.

पार्श्वभूमी : संशोधन हे विद्यापीठाचे आद्य कर्तव्य होय, ही कल्पना १८१० मध्ये स्थापन झालेल्या बर्लिन विद्यापीठाने रूढ केली. अमेरिकेत बॉल्टिमोर शहरातील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने (१८७६) तिचा स्वीकार करून पदव्युत्तर अध्ययनाला विद्यापीठाच्या केंद्रस्थानी आणले. इंग्लंडमध्ये मात्र ऑक्सफर्डने १९१७ मध्ये आणि केंब्रिजने १९१९ मध्ये संशोधनावर आधारलेली डॉक्टरेट सुरू केली. १८५७ मध्ये स्थापन झालेली मुंबई, कलकत्ता व मद्रास ही भारतीय विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारलेली होती. परीक्षा घेणे व पदव्या देणे हे त्यांचे काम होते. अध्यापन महाविद्यालयांत होई. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या चार पदवीधरांपैकी (१८६२) महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी पुढे मौलिक ग्रंथरचना केली. परंतु संशोधनाचे रीतसर शिक्षण देणारा विभाग त्या काळी विद्यापीठात नव्हता.

१९०४ च्या भारतीय विद्यापीठ अधिनियमाने विद्यापीठांना अध्यापनाचा व संशोधनाचा अधिकार दिला. कलकत्ता विद्यापीठात आशुतोष मुखर्जी यांच्या प्रयत्नाने १९१७ मध्ये पदव्युत्तर अध्यापन विद्यापीठाच्या हाती एकवटले. मुंबईत १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली निघाला. १९२४ पासून गो. स. घुर्ये यांनी तो वाढविला. रासायनिक तंत्रविद्येचा विभाग १९३३ मध्ये सुरू झाला. अशा रीतीने परीक्षा घेणारी संस्था हळूहळू संशोधन करणारी संस्था बनू लागली. हे स्थित्यंतर मोठ्या शहरांत घडले. ग्रंथालये, प्रयोगशाळा, छापखाने आणि विद्येला देणग्या देणारे धनिक तेथेच होते.

ह्या इतिहासाशी चांदा (चंद्रपूर) जिल्ह्याचा एक दूरस्थ संबंध आहे. रिटर फॉन श्वार्ट्‌झ या भूवैज्ञानिकाचा चांदा जिल्ह्यातील लोहखनिजांविषयीचा अहवाल १८८२ मध्ये जमशेटजी टाटा यांच्या वाचनात आला आणि जिल्ह्यातील लोहारा येथील खनिज व वरोड्याचा कोळसा यांच्या आधारे पोलादाचा कारखाना काढण्याचा विचार त्यांच्या मनात आला. कोळसा अनुरूप न ठरल्याने ती योजना सिद्धीस गेली नाही. पदव्युत्तर संशोधनासाठी स्वतंत्र संस्था काढण्याची त्यांची १८९८ मधील योजना मात्र पुढे बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेच्या रूपाने (१९०९) साकार झाली. खनिजाचा शोध आणि उच्च विद्येचा विचार एकाच उद्योजकाच्या मनात वावरत होते. पण विद्येचे ठिकाण खनिजाच्या प्रदेशात असावे, असे त्या काळी कोणाला वाटले नाही.

नागपूर विद्यापीठ : नागपुरातील हिस्लॉप महाविद्यालय (१८८३) व मॉरिस महाविद्यालय (१८८५) ही प्रारंभी कलकत्ता विद्यापीठाशी व नंतर अलाहाबाद विद्यापीठाशी संलग्न होती. मध्य प्रांत व वऱ्हाड यांसाठी नागपूर विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ रोजी झाली. सर बिपिन कृष्ण बोस हे पहिले कुलगुरू होत. नागपूर, जबलपूर व अमरावती येथील महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. सागर विद्यापीठाच्या स्थापनेनंतर (१९४६) मध्य प्रांताचा हिंदी भाषिक भाग त्याच्या कक्षेतून क्रमशः वेगळा झाला. अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजी स्थापन झाल्यावर पश्चिम विदर्भातील महाविद्यालये तिकडे गेली. नागपूर विद्यापीठाला २००५ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांचे नाव देण्यात आले.

विद्यापीठाच्या प्रवेश धोरणातील एक महत्त्वाची घटना १९३८ मधील होय. हैदराबाद संस्थानात ‘वंदे मातरम्‌’ गायल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठातून निष्कासित झालेल्या विद्यार्थ्यांना कुलगुरू टी. जे. केदार यांनी नागपुरात प्रवेश दिला. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव यांनीही त्या काळात नागपूर येथे कायद्याचे शिक्षण घेतले. गोदावरी व प्राणहिता ओलांडून आलेल्या विद्यार्थ्यांना या विद्यापीठाने आश्रय दिला. त्याच नद्यांच्या अलीकडील अहेरी, एटापल्ली व सिरोंचा या मुलखांतून मात्र त्या काळी विद्यापीठापर्यंत येणारी वाटच नव्हती. कारण पदव्युत्तर प्रवेशाला लागणारी आधीची पायरी, म्हणजे माध्यमिक शाळा व महाविद्यालय, तेथे जवळपास उपलब्ध नव्हती.

खनिजातून मिळालेला पैसा विद्येकडे वळल्याचे मोठे उदाहरण नागपुरातच आहे. कामठीचे खाणमालक व दानशूर रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण (मृ. १९३०) यांनी विद्यापीठाला दिलेल्या मृत्युपत्रीय देणगीतून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रविज्ञान संस्था उभी राहिली. रासायनिक अभियांत्रिकी व तेल तंत्रविद्या यांत तिने नाव मिळविले आणि २०२३ मध्ये तिला स्वतंत्र राज्य विद्यापीठाचा दर्जा प्राप्त झाला.

मानव्यविद्यांत नागपूरच्या संशोधनाला भक्कम पाया घातला तो वा. वि. मिराशी यांनी. मॉरिस महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापन करीत असता त्यांनी पुराभिलेखविद्येत प्रभुत्व संपादन केले. कलचुरी (१९५५), वाकाटक (१९६३) व शिलाहार (१९७७) यांच्या कोरीव लेखांचे त्यांनी संपादिलेले खंड प्रमाणभूत मानले जातात. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाने पवनार (१९६७), टाकळघाट-खापा (१९६८) व माहुरझरी येथे आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या सहकार्याने पवनी (१९६९-७०) येथे उत्खनने केली. विदर्भातील शिलावर्तुळांच्या म्हणजे महापाषाणीय संस्कृतीच्या लोकांना लोखंडाची विद्या उत्तम अवगत होती, हे यांतील काही उत्खननांनी दाखवून दिले. पुढे नायकुंड येथे लोखंड गाळण्याची इ. स. पू. सातव्या शतकाच्या सुमाराची भट्टी सापडली. महानुभाव वाङ्मयाचे संशोधक वि. भि. कोलते हे १९६६ ते १९७२ या काळात कुलगुरू होते. पाली-प्राकृत, आंबेडकर विचारधारा, गांधी विचारधारा यांसारखे विभाग हे ह्या विद्यापीठाचे वैशिष्ट्य होय.

संशोधनविषयक धोरण : पीएच्.डी.चे नियम पूर्वी प्रत्येक विद्यापीठ आपल्या अध्यादेशांनी ठरवी. मान्यताप्राप्त मार्गदर्शकाकडे नाव नोंदवावे, विषयाचा आराखडा मंजूर करून घ्यावा, प्रबंध सादर करावा, बाह्य परीक्षकांनी तो तपासावा व मौखिक परीक्षा व्हावी, असा त्याचा क्रम असे. ह्या पद्धतीत नोकरी करणाऱ्या महाविद्यालयीन शिक्षकाला सवड मिळे. मात्र दर्जाची हमी मार्गदर्शकाच्या विवेकावर अवलंबून राही. अध्यापकपदासाठी राष्ट्रीय पात्रता परीक्षा १९८९ मध्ये सुरू झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये किमान मानकांचे विनियम काढून प्रवेश परीक्षा व एका सत्राचा अभ्यासक्रम देशभर सक्तीचा केला. २०१६ च्या विनियमांनी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा व सहायक प्राध्यापकाला चार पीएच्.डी. विद्यार्थ्यांची मर्यादा घातली. तसेच स्त्रियांना व ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना दोन वर्षांची मुदतवाढ आणि स्त्रियांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजा दिली. नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनी एम्.फिल्. पदवी बंद केली, पीएच्.डी.चा काळ किमान तीन व सामान्यतः कमाल सहा वर्षे ठरविला, किमान बारा श्रेयांकांचा अभ्यासक्रम आवश्यक केला आणि प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती काढून टाकली. चार वर्षांच्या पदवीनंतर ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यास थेट संशोधनाचा मार्गही त्यांनी खुला केला. अंशकालीन संशोधनाला मुभा राहिली. दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने पीएच्.डी. देण्यास मात्र मनाई आहे.

हे नियम सर्वांना समान आहेत. त्यांचा परिणाम मात्र सर्वत्र समान होत नाही. एखाद्या विभागात एक प्राध्यापक, एक सहयोगी व दोन सहायक प्राध्यापक असतील, तर तेथे एका वेळी बावीस विद्यार्थी संशोधन करू शकतात. वरिष्ठ अशी दोन्ही पदे रिक्त राहिली, तर ही संख्या आठवर येते. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या अध्यापकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. मोठ्या शहरात एका विभागातील उणीव शेजारच्या संस्थेत भरून निघते. जिल्ह्यात एकच विभाग असेल तेथे रिक्त पद म्हणजे त्या विषयातील संशोधनाचे बंद झालेले द्वार ठरते.

वनप्रदेशाची स्थिती : गडचिरोली जिल्हा चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौ. किमी. असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १०,७२,९४२ होती. तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. ३८·७ टक्के होते. जिल्ह्याच्या निम्म्याहून कितीतरी अधिक भागावर वने आहेत. मराठीखेरीज गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी व बंगाली या भाषा जिल्ह्यात बोलल्या जातात. नागपूर ते गडचिरोली हे अंतर सु. १७० किमी. आहे, गडचिरोलीहून सिरोंचा आणखी दोनशे किमी.हून दूर आहे. सूरजागड हे याच जिल्ह्याच्या दक्षिण भागातील एटापल्ली तालुक्यात डोंगर-जंगलांनी वेढलेले आहे. तेथील डोंगरावर माडिया गोंडांचे ठाकूरदेव हे श्रद्धास्थान असून जानेवारीत तेथे यात्रा भरते. हाच डोंगर उच्च प्रतीच्या लोहखनिजाचा आहे. २००७ मध्ये सु. ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा देण्यात आला. उत्खननास २०१६ मध्ये प्रारंभ झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नक्षलवाद्यांनी तेथील अनेक वाहने जाळली. २०२१ मध्ये काम पुन्हा सुरू झाले.

या प्रदेशाविषयी आणि येथील लोकांच्या आप्तसमाजांविषयी लेखन झाले ते बहुधा बाहेरून आलेल्या अभ्यासकांकडून. प्राणहितेपलीकडील आदिलाबादच्या राजगोंडांवर क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४८ मध्ये व सेतुमाधवराव पगडी यांनी १९४९ मध्ये ग्रंथ लिहिले. घुर्ये यांच्या विद्यार्थिनी दुर्गा भागवत यांनी मध्य प्रांतातील आदिवासींत हिंडून लोकसाहित्य जमविले. आजारपणामुळे त्यांचे पीएच्.डी.चे काम पुरे झाले नाही, पण त्यांच्या पुढील लोकसाहित्यविषयक लेखनाला ह्या भटकंतीचा आधार लाभला. ह्या लेखनाचे मोल निर्विवाद आहे. तथापि ज्यांच्याविषयी ते लिहिले गेले, त्यांच्यापैकी फार थोड्यांना ते वाचता आले आणि त्यास उत्तर देता येईल असा प्रबंध त्यांच्या हातून लिहिला जाण्यास दीर्घ काळ लागला.

विद्यापीठाबाहेर मात्र याच जिल्ह्यात संशोधनाचे दोन निराळे मार्ग दिसून आले. नागपुरात वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षण घेऊन पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केलेले अभय व राणी बंग यांनी १९८६ पासून गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेद्वारे काम आरंभिले. ग्रामीण स्त्रियांच्या आजारांविषयी (१९८९) व नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेविषयी (१९९९) त्यांनी ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेले निष्कर्ष जगभर चर्चिले गेले. खेड्यातील प्रशिक्षित स्त्री नवजात बालकाचा आजार ओळखून त्यावर उपचार करू शकते, हे त्यांतून सिद्ध झाले. दुसरा मार्ग धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाचा. तेथे ग्रामसभेबरोबर अभ्यासगट चालविण्याची प्रथा पडली. कायद्याचे कलम असो वा बांबूचा हिशेब असो, आधी अभ्यास व मग सर्वसहमतीने निर्णय, अशी ही रीत होय. वनहक्क अधिनियमाखाली (२००६) सु. १,८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क ह्या गावाला २००९ मध्ये मिळाला. पहिल्या मार्गाने नगरातील संशोधनपद्धती खेड्यात नेली. दुसऱ्याने खेड्याचा स्वतःचा प्रश्न अभ्यासाचा विषय केला.

गोंडवाना विद्यापीठ : चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालये नागपूर विद्यापीठापासून वेगळी काढून २७ सप्टेंबर २०११ रोजी गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठाची स्थापना झाली. त्यापूर्वी चंद्रपूर, वरोडा, ब्रह्मपुरी इ. ठिकाणच्या महाविद्यालयांनी उच्च शिक्षणाची वाट तयार केली होती. बाबा आमटे यांनी आनंदवनात काढलेले आनंद निकेतन महाविद्यालय त्यांपैकी एक होय. नव्या विद्यापीठात गणित, इंग्रजी, समाजशास्त्र, इतिहास, वाणिज्य इ. विषयांचे पदव्युत्तर विभाग सुरू झाले. राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने स्थापन झालेले विज्ञान व तंत्रज्ञान संसाधन केंद्र वनोपज, मत्स्यव्यवसाय व बांबूकाम यांसारख्या स्थानिक उपजीविकांवर काम करते. नोकरी वा शेती सांभाळणाऱ्या ग्रामस्थांसाठी गावातच वर्ग भरविण्याचा ‘विद्यापीठ आपल्या गावात’ हा उपक्रम पदवीपातळीचा असला, तरी पदव्युत्तर प्रवेशाचा पाया त्यामुळे रुंदावतो.

सूरजागडच्या खनिजामुळे नवा प्रश्न उभा राहिला आहे. खाण चालविणारी कंपनी, गोंडवाना विद्यापीठ व ऑस्ट्रेलियातील कर्टिन विद्यापीठ यांच्यात खाणकाम व तत्संबंधी शिक्षणासाठी २०२५ मध्ये सहकार्य ठरले. स्थानिक तरुणाला खाणीत केवळ मजुरी न मिळता अभियंत्याचे स्थान मिळावे, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु ह्याच डोंगराचा अभ्यास करणाऱ्या इतर विद्याशाखाही आहेत. खाणीचा पाण्यावर, वनावर व शेतीवर होणारा परिणाम, ग्रामसभेचे अधिकार, यात्रेची परंपरा आणि माडिया बोली हे विषय वनस्पतिशास्त्र, भूविज्ञान, समाजशास्त्र व भाषाविज्ञान यांचे होत. उद्योगाच्या साहाय्यावर चालणारे विभाग वाढत असताना ह्या विषयांसाठी शासनाने स्वतंत्र निधी व पदे दिली नाहीत, तर एका डोंगराविषयीचे ज्ञान एकांगी राहील. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीत देणारा हयात नव्हता व दान संपूर्णपणे विद्यापीठाच्या हाती होते. चालू उद्योगाशी केलेल्या कराराचे स्वरूप त्याहून भिन्न असते आणि म्हणून विषयनिवडीचे व निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचे संशोधकाचे स्वातंत्र्य करारातच नोंदलेले असणे इष्ट ठरते.

प्रमुख अडचणी : पहिली अडचण भाषेची आहे. ज्याची मातृभाषा माडिया वा गोंडी आहे, तो विद्यार्थी शाळेत मराठी, महाविद्यालयात मराठी व इंग्रजी आणि संशोधनात मुख्यतः इंग्रजी संदर्भग्रंथ अशा क्रमाने जातो. गोंडी ही द्राविड भाषाकुलातील भाषा असून संविधानाच्या आठव्या अनुसूचीत तिचा समावेश नाही. परिणामी तिच्यातील अध्ययनसाहित्य अल्प आहे. त्याच वेळी क्षेत्रसंशोधनात हाच विद्यार्थी सर्वांत समर्थ ठरतो, कारण दुभाष्याविना तो माहिती मिळवू शकतो. प्रवेश परीक्षेत या सामर्थ्याला गुण नाहीत.

दुसरी अडचण अर्थसाहाय्याची. अनुसूचित जमातींच्या संशोधकांसाठी राजीव गांधी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २००५-०६ पासून सुरू झाली. पुढे केंद्रीय जनजाती कार्य मंत्रालयाच्या योजनेत देशभरासाठी दरवर्षी ७५० जागा ठेवण्यात आल्या. निवड गुणानुक्रमे होत असल्याने मोठ्या शहरांतील नामांकित संस्थांतून निष्णात पदवी घेतलेल्यांशी दूरच्या तालुक्यातील विद्यार्थ्याची स्पर्धा होते. ज्या कुटुंबात पहिलाच पदवीधर आहे, तेथे पाच-सहा वर्षे बिनपगारी राहून प्रबंध लिहिणे शक्य होत नाही. अधिछात्रवृत्ती वेळेवर न मिळाल्यास संशोधन सुटते व शिकवणी, शिपाईगिरी किंवा पोलीस भरती हे मार्ग पतकरले जातात.

तिसरी अडचण साधनांची आहे. पदव्युत्तर विभाग, ग्रंथालय व प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी असतात. पावसाळ्यात नद्यानाल्यांच्या पुराने भामरागड व एटापल्लीकडील वाहतूक वारंवार खंडित होते. वसतिगृहाची सोय हा म्हणून येथे सवलतीचा भाग नसून प्रवेशाचाच भाग ठरतो. विद्यार्थिनींच्या बाबतीत हे विशेषच खरे आहे.

मूल्यमापन : नागपूर विद्यापीठाने शंभर वर्षांत अध्यापक, वकील, रसायनतज्ञ व पुरातत्त्वज्ञ निर्माण केले, पूर्व विदर्भाच्या वैचारिक जीवनाला आकार दिला. वनप्रदेशाकडे मात्र त्याची दृष्टी दीर्घ काळ केवळ परीक्षाकेंद्र व क्षेत्रसंशोधनाचे ठिकाण म्हणूनच राहिली. गोंडवाना विद्यापीठाच्या स्थापनेने अंतर घटले. नियम तेच राहिले. ते शिथिल करणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण सवलतीने मिळालेल्या पदवीचे मोल बाहेर कमी लेखले जाते आणि त्याची झळ पुन्हा त्याच विद्यार्थ्याला बसते. मार्गदर्शकांची पदे भरणे, तालुक्याच्या ठिकाणी वाचनालय व निवासाची सोय करणे, अधिछात्रवृत्ती दरमहा देणे, माडिया-गोंडी कोश व ध्वनिसंग्रह यांसारखी साधने विद्यापीठाने स्वतः निर्माण करणे आणि संशोधनाचे निष्कर्ष संबंधित ग्रामसभेला मराठीत व तिच्या बोलीत कळविणे, या गोष्टी विनियमांच्या चौकटीत राहूनही करता येतात. ज्या गावाच्या जीवनावर प्रबंध लिहिला गेला, त्या गावाच्या शाळेत त्याची एक प्रत असावी, एवढा साधा नियमही विद्यापीठ व वनप्रदेश यांचे नाते बदलण्यास साहाय्यक होईल. सूरजागडच्या डोंगरातून निघणारे लोखंड अन्यत्र जाऊन उपयोगी पडते. तेथील लोकांविषयीचे ज्ञान तेथे परत जाते की नाही, यावरच ह्या विद्यापीठाच्या पदव्युत्तर शिक्षणाचे यश दीर्घ काळात मोजले जाईल.